बटाट्याची सालं आणि नवी कातडी

(दृश्य : परळ, सकाळी साडेसात. वड्याची गाडी. कढईत तेल तापलंय.)

वडा सोडताना हात उंच राहिला की तेल उडतं. मनगटावर हा परवाचा चटका. फोड टरारलाय, आत पाणी धरलंय.

"रोजचंच आहे हो. टूथपेस्ट लावली की झालं."

टूथपेस्ट नको. हळद नको, बर्फ तर नकोच. वीस मिनिटं नळाची धार, लगेच. आता त्या वेळी नळाला पाणी असलं पाहिजे, हा मुंबईतला वेगळा प्रश्न.

(दृश्य : मनगट, अगदी जवळून.)

कातडीचा वरचा थर गेलाय. पण आजूबाजूचे केस बघा. केसांची मुळं खालच्या थरात खोलवर रुतलेली असतात, घामाच्या ग्रंथीही तिथेच. त्यांना आतून कातडीच्याच पेशींचं अस्तर असतं. वरचं जळालं की त्या पेशी वर येतात आणि चहूकडे पसरू लागतात, शेजारच्या मुळातून आलेल्या पेशी भेटेपर्यंत. मोठ्या जखमेत आधी छोटी छोटी बेटं दिसतात, मग ती जोडली जातात. मुंबईकराला हे वेगळं समजावायला नको.

सरकायला मात्र ओल लागते. जखम कोरडी पडून खपली धरली, तर पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगानं येते. 'जखमेला वारा लागू दे' म्हणणाऱ्या आपल्या आज्या इथे चुकल्या.

पण ओल धरणारं ड्रेसिंग स्वस्तात आणायचं कुठून? याच परळमध्ये, वाडिया रुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याची सालं पट्टीवर चिकटवली, ती निर्जंतुक केली आणि भाजलेल्या जखमांवर वापरली. ही 1985 च्या आसपासची गोष्ट. पुढे मुंबईतल्याच सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. तेही निर्जंतुक करूनच. पान सालीइतकंच चाललं, वर स्वस्त आणि करायला सोपं. गुळगुळीत असल्यामुळे ते जखमेला चिकटत नाही. भाजलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती ड्रेसिंग सोडण्याचीच.

घरी मात्र केराच्या टोपलीतलं साल उचलून लावू नका.

खोल भाजलं तर केसांची मुळंही जातात. मज्जातंतूंची टोकंही जळतात, म्हणून तिथे फारसं दुखत नाही, आणि माणूस फसतो. अशा वेळी मांडीची पातळ कातडी काढून लावतात. मांडीवरची ती जागा पुन्हा भरते, ती उरलेल्या केसांच्या मुळांतूनच. स्वतःची कातडी पुरली नाही, तर सायनच्या त्वचापेढीत मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान मिळालेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये राखलेली असते. शरीर ती काही आठवड्यांत झिडकारतं. तोवर जखम झाकलेली राहते.

(दृश्य : तीच गाडी, दहा दिवसांनंतर.)

मनगटावर गुलाबी डाग आहे. खालच्या घमेल्यात सकाळच्या बटाट्यांची सालं. वडा अजून तसाच, उंचावरून सोडला जातोय.