पाठ भरलेला म्हातारा

श्रोतेहो, नमस्कार. टोरांटोच्या आपल्या या मराठी कार्यक्रमात आज मी हॉकीच्या कार्डांविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी घरून एक पत्र्याचा डबा घेऊन आलो आहे. आता मी त्याचे झाकण उघडले, तो आवाज कदाचित तुमच्यापर्यंत पोहोचला असेल. हा डबा १९७९ च्या ऑक्टोबरात माझ्या आजीबरोबर वाईहून आला, तेव्हा त्यात डिंकाचे लाडू होते. लाडू महिनाभरात संपले आणि डब्यात माझी कार्डे गेली. तळाच्या कार्डांना अजूनही तुपाचा वास येतो असे मला वाटते. माझ्या पत्नीला तसे वाटत नाही.

हॉकी म्हणजे इथली, बर्फावरची. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण माझ्या वडिलांनी तिला शेवटपर्यंत हॉकी म्हटले नाही. ध्यानचंद खेळले ती हॉकी, आणि ही बर्फावरची ढकलाढकली, असे त्यांचे मत होते. १९७५ साली भारताने क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला, त्या वेळी ते स्कारबरोत नुकतेच स्थिरावत होते आणि ही बातमी ज्याला सांगावी असा एकही माणूस त्यांना सबंध इमारतीत सापडला नाही. त्यांचा राग बहुधा तेव्हापासूनचा असावा.

तर कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे त्याच्या कारकिर्दीचे आकडे. पुढे चित्र, मागे आकडे. एवढे तुम्ही लक्षात ठेवा, कारण आजची गोष्ट मागच्या बाजूची आहे.

आमच्या वेळी ही कार्डे ओ-पी-ची नावाची कंपनी काढत असे. कंपनी लंडनची होती, पण ते लंडन इंग्लंडातले नव्हे, आपल्या ऑन्टारिओतले, इथून गाडीने दोन तासांवरचे. मॅकडर्मिड बंधूंनी ती १९११ साली सुरू केली आणि तिचा मूळ धंदा च्युइंगमचा होता. ओजिब्वे लोकांच्या भाषेत रॉबिन पक्ष्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. हॉकीची कार्डे त्यांनी १९३३ सालापासून काढली. पुडीत कार्डांबरोबर गुलाबी च्युइंगमची एक पट्टी असे, आणि ती इतकी टणक असे की दाताखाली तिचा आधी तुकडा पडे आणि मग भुगा होई. त्या पट्टीला चिकटलेल्या कार्डावर कायमचा डाग उरत असे. ज्यांची मुले-नातवंडे आज कॉफीच्या दुकानातून अशी पाकिटे आणतात, त्यांनी त्यात च्युइंगम शोधू नये. तो काळ संपला. आमच्या आधीच्या पिढीतल्या मुलांना तर कार्डांसाठी दुकानातही जावे लागत नव्हते. पोर्ट क्रेडिटचा स्टार्चचा कारखाना मक्याच्या पाकाच्या डब्यावरचा कागद पोस्टाने पाठवणाऱ्या मुलाला हव्या त्या खेळाडूचा फोटो घरी पाठवत असे, आणि हा उद्योग १९३४ पासून १९६७ पर्यंत चालला. त्या घरांतून नाश्त्याला किती पाक खपला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

खेळ असा, की शाळेच्या भिंतीकडे तोंड करून चारजणांनी उभे राहायचे, एकेक कार्ड भिरकवायचे आणि ज्याचे कार्ड भिंतीच्या सर्वांत जवळ पडेल त्याने सगळी उचलायची. माझ्या वडिलांनी वाईच्या घाटावर काडेपेटीच्या छापांचा जवळजवळ हाच खेळ खेळला होता, पण ते कबूल करायला त्यांना पुढे पुष्कळ वर्षे लागली. भिंतीपेक्षाही मोठा बाजार अदलाबदलीचा. समोरच्याने आपली चळत अंगठ्याने सरकवत जायचे आणि आपण म्हणत राहायचे, आहे, आहे, आहे, आणि मध्येच श्वास रोखून, हवाय. अदलाबदलीचा नियम एकच होता: हातातून सुटले ते परत मागायचे नाही. पुन्हा सांगतो, हातातून सुटले ते परत मागायचे नाही.

आता १९७९-८० चा संच. त्यात ३९६ कार्डे होती आणि प्रत्येकाला निळी चौकट होती. त्या निळ्या चौकटीचा रंग नुसत्या नखानेही उडत असे, आणि कारखान्यात कार्डांचे तक्ते तारेने कापले जात असल्यामुळे कडा जन्मतःच दातेरी असत. त्याच वर्षी एडमंटन, विनिपेग, क्वेबेक आणि हार्टफर्ड हे चार संघ नॅशनल हॉकी लीग या मोठ्या लीगमध्ये नव्याने आले. संचातले १८ क्रमांकाचे कार्ड एडमंटनच्या एका अठरा वर्षांच्या पोराचे, वेन ग्रेट्झ्कीचे होते. १७५ क्रमांकाचे कार्ड हार्टफर्डच्या गॉर्डी हाऊचे होते, आणि तो एकावन्न वर्षांचा होता. होय, एकावन्न. १९४६ साली तो डेट्रॉइटकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा आपल्याकडे स्वातंत्र्य यायचे होते. आणि आता तो स्वतःच्या दोन मुलांबरोबर एकाच संघातून खेळत होता.

माझ्याजवळ १८ होते, १७५ नव्हते. आणि आता मी आजीकडे येतो.

आजीने तोपर्यंत बर्फ पाहिला नव्हता, आणि एकदा पाहिल्यावर तिला तो पुन्हा पाहायची इच्छा राहिली नाही. वडील कामावर, आई कामावर, मी शाळेत. आजी सातव्या मजल्यावर एकटी. दुपारी खिडकीतून सतरंजीएवढे ऊन यायचे, त्यात बसून ती माझा डबा उघडायची आणि कार्डे लावायची. तिला इंग्रजी अक्षरे येत नव्हती, परंतु आकडे वाचता येत होते. ती कार्ड उलटे करायची आणि मागच्या ओळी मोजायची. ज्याच्या मागे ओळी जास्त, तो तिच्या लेखी पाठ भरलेला. ज्याच्या मागे ओळी कमी, त्याची पाठ कोरी. पुढच्या चित्रावरून तिने काही जणांना नावेही ठेवली होती. टोरांटोच्या लॅनी मॅक्डॉनल्डच्या मिशा तुम्हाला आठवत असतील. तो तिचा हवालदार.

तो हवालदार डिसेंबरच्या अखेरीस गेला. टोरांटोच्या संघाने त्याला कोलोराडोला देऊन टाकले आणि बदल्यात दुसरे खेळाडू घेतले. मेपल लीफ गार्डन्स या संघाच्या क्रीडागृहाबाहेर लोक फलक घेऊन उभे राहिले आणि कप्तान डॅरिल सिटलरने आपल्या जर्सीवरचे कप्तानपदाचे अक्षर उसवून काढले. मी रडवेला होऊन हे सगळे आजीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “त्याला कुणी विचारलं का?” मी म्हणालो, नाही विचारत. “आणि हे रीतीला धरून आहे?” मी म्हणालो, हो, इथे असेच चालते. ती आणखी काही बोलली नाही. तिने ते मनात ठेवले होते हे मला तीन आठवड्यांनी कळले.

समोरच्या दारात माझ्याच वयाचा एक तांबड्या केसांचा मुलगा राहत असे. आजी त्याला तांबट म्हणायची. त्याला मराठी येत नव्हते आणि आजीला इंग्रजी, पण तो चिवड्यासाठी यायचा आणि दोघांचे व्यवस्थित चालायचे. (तो चिवडा कॉर्नफ्लेक्सचा असे. पातळ पोहे मिळत नाहीत म्हणून निरुपायाने केलेला तो चिवडा पुढे आपल्या मंडळींनी हौसेने का चालू ठेवला, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.) जानेवारीत एके दिवशी तापामुळे तांबट शाळेला आला नाही. दुपारी बरे वाटल्यावर तो आपली कार्डे घेऊन आमच्याकडे आला.

मी घरी आलो तेव्हा डब्याच्या झाकणावर गॉर्डी हाऊ ठेवलेला होता. मला क्षणभर आनंद झाला. मग मी डबा उघडून वरपासून तळापर्यंत शोधला.

“अगं आजी, तू काय केलंस?”

“अदलाबदल केली. तुझ्याजवळ हा नव्हता ना?”

“अगं, पण तू त्याला ग्रेट्झ्की दिलास!”

“तो हडकुळा? त्याची पाठ कोरी होती रे. आणि ह्याची बघ.” तिने कार्ड उलटे करून माझ्या डोळ्यांपुढे धरले. मागे इतके बारीक आकडे दाटीवाटीने छापलेले होते, की मुंगीला शिरायला जागा नव्हती. “चोवीसपर्यंत मोजल्या, मग माझे डोळे दुखले.”

“पण तो सगळ्यांच्या पुढे जाणार आहे! सगळे म्हणतात!”

“जाईल तेव्हा जाईल,” आजी म्हणाली, “हा जाऊन आलाय.”

मी समोरचे दार ठोठावले. तांबटाने दार अर्धेच उघडले आणि नियम सांगितला. तो नियम मला तोंडपाठ होता. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि आजीनेही मला जेव म्हटले नाही, कारण तिच्या मते तिने माझे कामच केले होते.

५ फेब्रुवारी १९८०, मंगळवार. त्या रात्री डेट्रॉइटमध्ये निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होता. एका बाजूला ग्रेट्झ्की, नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला. मोठ्या लीगमधला त्याचा तो पहिला ऑल-स्टार सामना. दुसऱ्या बाजूला हाऊ. त्याचा तो शेवटचा. वडील वर्तमानपत्राआडून बघत होते. आजी जमिनीवर बसून मिसळणाच्या डब्यात हळद भरत होती. निवेदकाने एकेका खेळाडूला नाव घेऊन बर्फावर बोलावले, आणि हाऊची पाळी आली तेव्हा त्याचे नाव घेतलेच नाही, नुसता नऊ हा क्रमांक उच्चारला. सबंध प्रेक्षागृह उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. पिकल्या केसांचा तो माणूस ओशाळून जागच्या जागी घुटमळू लागला, आणि तरी टाळ्या थांबेनात.

आजीने विचारले, “हा आपला का?” मी म्हणालो, हो, आपला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, डब्यातून कार्ड काढले आणि दूरचित्रवाणी संचाच्या काचेशी धरून चेहरा ताडून पाहिला. त्या वेळी तिच्या अंगठ्याची हळद कार्डाच्या उजव्या कोपऱ्यावर उमटली. ते कार्ड आता माझ्या हातात आहे. अंगठा फिकट झाला आहे, पण रेषा मोजता येतात.

त्या वर्षी हाऊने पूर्ण ८० सामने खेळून १५ गोल केले आणि मग तो निवृत्त झाला. ग्रेट्झ्कीने पहिल्याच वर्षी १३७ गुण मिळवले; गुण म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला केलेली मदत यांची बेरीज. हाऊ हे ग्रेट्झ्कीचे लहानपणापासूनचे दैवत होते, हे मला फार उशिरा कळले. त्यालाही पाठीवर हाऊचा ९ हवा होता, पण लहान वयाच्या संघात तो दुसऱ्याने आधीच घेतलेला होता, म्हणून त्याने दोन नऊ लावले. १५ ऑक्टोबर १९८९ ला त्याने हाऊचा १८५० गुणांचा विक्रम मोडला, तेव्हा मी वाईला फोन लावून आजीला ओरडून ओरडून ते सांगितले. लाइनवर खरखर होती. पलीकडून आजी म्हणाली, “म्हणजे आता त्याचीही पाठ भरली.”

आता पैशांचे बोलतो, कारण त्याशिवाय कुणी मला सोडत नाही. १८ क्रमांकाच्या त्याच कार्डाची एक निर्दोष प्रत २०२१ साली ३७ लाख ५० हजार अमेरिकी डॉलरला विकली गेली. निर्दोष म्हणजे कडा शाबूत, निळी चौकट शाबूत आणि दहापैकी दहा गुणांची चिठ्ठी लावून प्लॅस्टिकच्या कवचात बंद केलेली. ज्या कार्डाची पाठ कुणी बोट लावून वाचू शकत नाही, त्याला मी कार्ड म्हणायला तयार नाही, पण माझे कोण ऐकतो? १९९० च्या सुमारास अनेक कंपन्यांनी इतकी कार्डे छापली की त्या वर्षांचे पेटारेच्या पेटारे आज कुणी फुकटही नेत नाही; तुमच्या तळघरात ते असतील तर उगाच आशा धरू नका.

तांबटाला दिलेली ती प्रत काही त्या किमतीला गेली नसती. तांबट हाडाचा टोरांटोवाला होता. एडमंटनच्या पोराशी त्याला काही घेणेदेणे नव्हते. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि त्याची सायकल बाहेर निघाली, तेव्हा त्याने आईच्या दोरीवरचे दोन चिमटे घेऊन मागच्या चाकाला, आऱ्यांना लागेल असे, एक कार्ड अडकवले. चाक फिरले की त्याचा मोटारसायकलसारखा आवाज व्हायचा. निळी चौकट मला सातव्या मजल्यावरूनही ओळखता आली. मी गॅलरीच्या कठड्याला घट्ट धरून उभा होतो. शेजारी आजी शाल गुंडाळून उभी होती. आवाज इमारतीला वळसा घालून पुन्हा आमच्या बाजूला आला, तेव्हा ती खाली वाकून बघत म्हणाली, “बघ तरी, तुझा हडकुळा किती पळतोय.”