बोट नऊ तास बंदरात, मग क्रूच्या हाती किती?

नमस्कार मंडळी!

क्रूझ बोटीवर नोकरीला आहे असं कुणी सांगितलं की समोरचा ठरलेलं वाक्य टाकतो, "मजा आहे बुवा तुझी, फुकटात जग फिरतोयस!" आज आपण त्या फिरण्याचा हिशोब मांडणार आहोत. घड्याळ लावून.

समजा, बोट सकाळी आठला धक्क्याला लागली आणि संध्याकाळी पाचला सुटणार आहे. म्हणजे नऊ तास. पण ते प्रवाशांचे.

धक्क्याला लागली म्हणून लगेच कुणी खाली उतरत नाही. आधी कस्टम्स, इमिग्रेशन आणि बंदराचे कागद होतात, बोट 'क्लिअर' होते आणि मग प्रवाशांचा लोंढा उतरतो. आता तुम्ही डायनिंगमध्ये वेटर आहात असं धरा. तो लोंढा उतरतो तेव्हा तुम्ही नाश्त्याची टेबलं आवरताय. दहाला सुटलात. केबिनमध्ये गेलात, युनिफॉर्म उतरवला, अंघोळ केली, गँगवेवर, म्हणजे बोटीतून उतरायच्या जिन्यावर, आलात तर पावणेअकरा. परत कधी यायचं? प्रवाशांना साडेचारपर्यंत बोटीवर यायला सांगितलेलं असेल, तर क्रूची वेळ सहसा त्याच्याही आधीची असते. आणि दुपारच्या जेवणाची ड्युटी लागली असेल तर विषयच संपला. ती नसेल तर चार-पाच तास हातात. बंदर शहरापासून लांब असेल तर त्यातला एक तास बसमध्येच जातो.

आणि हे चार-पाच तास येतात कुठून? तर झोपेतून.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बाहेरच्यांना तो दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा एक करार आहे, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. बोटीवर त्याला सगळे 'एमएलसी' म्हणतात. तो २०१३ मध्ये लागू झाला. काही बोटींवर कामाचे तास मोजतात, काहींवर विश्रांतीचे. विश्रांतीचे मोजत असतील, तर कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. या १० तासांचे जास्तीत जास्त दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग ६ तासांचा लागतो. म्हणजे रात्री सहा तास झोप आणि दिवसा चार तास मोकळे, असं वेळापत्रक नियमात अगदी चपखल बसतं. ते दिवसाचे चार तास म्हणजेच तुमचं 'जग फिरणं'. फिरायचं की पडी टाकायची, निवडा! मला विचाराल तर पहिल्या काँट्रॅक्टचे पहिले महिने सोडले की बरेच जण डोळे मिटून पडी टाकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाली उतरायला देणं हा कंपनीचा उपकार नाही. त्याच एमएलसीत लिहिलंय की तब्येत आणि मन ठीक राहावं म्हणून क्रूला शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची मोकळीक, द्यायची. पुढे शेपूट आहे, 'कामाच्या गरजेनुसार'. त्या शेपटात बरंच काही मावतं.

उदाहरणार्थ आयपीएम, म्हणजे इन पोर्ट मॅनिंग. बंदरात असतानाही आग लागू शकते, म्हणून क्रूतल्या काही लोकांना बोटीवर थांबावंच लागतं. पाळ्या लागलेल्या असतात. नेमकं आवडतं बंदर आलं आणि तुमची आयपीएम लागली, की सुरू होते शोधाशोध, "भावा, आजचं बदलून घेतोस का?" पण आपत्कालीन कामात तुमची जागा घेऊ शकणाराच माणूस चालतो, त्यामुळे भाऊ मिळतोच असं नाही. शिवाय क्रू ड्रिल, म्हणजे आपत्कालीन सराव, असते. प्रवासी बाहेर असताना ती घेणं सोयीचं, म्हणून बऱ्याचदा ती बंदरातच होते. सात छोटे भोंगे, एक लांब, आणि लाइफजॅकेट घालून रांगेत उभं राहा.

व्हिसाचं त्रांगडं देशादेशांवर आहे. अमेरिकेत क्रू व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो.

बरं, एवढं सगळं जमवून उतरलेला माणूस जातो कुठे? किल्ला बघायला? बहुतेकदा नाही. धक्क्याजवळ वायफाय मिळेल ती जागा गाठतो. तिथे गेलात तर बघा, भिंतीला पाठ, फोन चार्जिंगला, इअरफोन कानात, आणि समोर घरचं बाळ दिसतंय. बाजूच्या पिशवीत शाम्पू, दाढीची ब्लेडं, इन्स्टंट नूडल्स. कितीतरी बंदरांत नाविकांसाठी खास केंद्रं आहेत. 'मिशन टू सीफेअरर्स' ही संस्था तर १८५६ पासून हे काम करतेय. तिथे बसायला जागा, इंटरनेट आणि ओळखपाळख नसतानाही विचारपूस करणारं कुणीतरी मिळतं. पर्यटकांच्या नकाशावर ही केंद्रं शोधू नका, गँगवेवर सिनियरला विचारा.

परत येताना गँगवेवर कार्ड टेकवलं की 'टिंग', स्क्रीनवर तुमचा फोटो, मग पिशवी एक्स-रेच्या पट्ट्यावर. छोटा राइस कुकर किंवा इस्त्री आणली असेल तर तिथेच निरोप, कारण केबिनमध्ये आगीचा धोका. दारूचंही तसंच. ड्युटीवर येताना रक्तात ०.०५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल चालत नाही ही आंतरराष्ट्रीय मर्यादा, आणि कंपन्या त्याहून कडक असू शकतात. म्हणून संध्याकाळी ड्युटी असेल तर शहाणा माणूस दुपारी ग्लासाला हात लावत नाही.

आणि बोट चुकली तर? बोट थांबत नाही. तुमची पुढची गाठ बंदरावरच्या एजंटशी आणि इमिग्रेशनशी पडते, नोकरीही जाऊ शकते. यात नव्या माणसाचा घात करतो तो फोन. खाली उतरला की फोन आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो आणि बोट चालते शिप टाइमवर, म्हणजे बोटीवर ठरवलेल्या वेळेवर. दोन्हींत एक तासाचा फरक असू शकतो. म्हणून जुने लोक हातात साधं घड्याळ बांधतात आणि ते शिप टाइमवर ठेवतात.

तुमच्या घरातलं कुणी बोटीवर असेल तर त्यांच्याकडून या महिन्याची बंदरांची यादी आणि शिप टाइम मागून घ्या. बंदराच्या दिवशी दुपारी तुमचा फोन सायलेंटवर ठेवू नका. बँकेची, लाईट बिलाची कामं आधी मेसेजवर लिहून पाठवा, म्हणजे कॉलवर बाकीचं बोलता येईल.