वाट देण्याचे कौशल्य

मित्रहो, ट्रॅक डेला, म्हणजे हौशी चालकांनी आपापली गाडी शर्यतीच्या सर्किटवर चालवण्याच्या दिवशी, पहिल्यांदा येणारा माणूस बरीच तयारी करून येतो. कोणत्या वळणाला ब्रेक कुठे दाबायचा, गियर कोणता ठेवायचा, अ‍ॅपेक्स म्हणजे वळणाचा सर्वांत आतला बिंदू कुठे गाठायचा, हे त्याने आधीचे कित्येक दिवस व्हिडिओ पाहून घोकलेले असते. मागून आपल्यापेक्षा वेगवान गाडी आली तर काय करायचे, याचा विचार करून येणारे मात्र फार थोडे असतात. आज मी बोलणार आहे ते त्याविषयी. हौशी चालकांच्या ट्रॅक डेवर मागच्याला वाट देणे हा सौजन्याचा भाग आहेच, पण त्याहीआधी ते गाडी चालवण्यातले एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि वळण घेण्याइतक्याच निगुतीने ते शिकावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

शर्यत आणि ट्रॅक डे यांत फरक काय, हे आधी नीट समजून घेऊ. शर्यतीत मागच्याला अडवणे हा खेळाचाच भाग असतो. ते किती आणि कसे करावे याला नियम मर्यादा घालतात, एवढेच. ट्रॅक डेवर क्रमांक नसतो, बक्षीस नसते, आणि अनेक आयोजक तर वेळ मोजायलाही मनाई करतात. येथे येणाऱ्या बऱ्याच गाड्या रोजच्या वापरातल्या असतात. त्यांना शर्यतीच्या गाडीसारखा पोलादी पिंजरा नसतो आणि चालकाला संध्याकाळी त्याच गाडीने घरी जायचे असते. रस्त्यासाठी काढलेला विमा सर्किटवरचे नुकसान बहुधा भरून देत नाही. त्यामुळे दोन गाड्या एकमेकींना घासल्या, तर चूक कोणाचीही असो, आपापली दुरुस्ती साधारणतः ज्याच्या त्याच्या खिशातूनच होते. मागच्याला रोखून धरण्यात मिळवण्यासारखे येथे काहीच नाही, हे कागदावर सगळ्यांना मान्य असते. हेल्मेट चढवून सीटबेल्ट आवळला की मात्र त्याचा विसर पडू लागतो, आणि म्हणूनच त्यासाठी एक ठरलेली पद्धत लागते.

ही पद्धत म्हणजे पॉइंट-बाय. पुढचा चालक हाताने खूण करून मागच्याला कोणत्या बाजूने जायचे ते दाखवतो आणि खूण मिळेपर्यंत मागच्याने ओव्हरटेक करायचे नाही. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत चालक खिडकीतून हात सरळ बाहेर काढून उजवी बाजू दाखवतो. डावी बाजू द्यायची असेल, तर तोच हात छतावरून वळवून डावीकडे बोट करतो. खिडकीची काच खाली ठेवायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण असते. खूण ठळक हवी. स्टिअरिंगवरून दोन बोटे उचलून केलेला इशारा मागच्याला हेल्मेटच्या फटीतून आणि दोन काचांमधून दिसत नाही. एक खूण एकाच गाडीसाठी असते. मागे तीन गाड्या असतील तर तीनदा हात बाहेर काढायचा, आणि मागच्यांनीही आपापल्या खुणेची वाट पाहायची. पहिलीला दिलेल्या खुणेवर दुसरी गाडी घुसली, की पुढचा चालक आपल्या बाजूला कोणी नाही असे समजून वळायला लागतो, आणि तेथेच धडक होते.

वाट देणाऱ्याने आपली लाइन, म्हणजे ट्रॅकवरून जाण्याचा आपला नेहमीचा मार्ग, सोडायची नाही, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम आहे. नवख्याला सौजन्य म्हणून बाजूला सरकावेसे वाटते. तो सरकतो, त्याच क्षणी मागचाही त्याच बाजूने निघालेला असतो. तुम्ही जेथे आहात तेथेच राहाल, या भरवशावर मागचा चालक आपला मार्ग ठरवत असतो. लाइन सोडून जाण्याचे काम त्याचे आहे. त्या बाजूचा पृष्ठभाग धूळ आणि टायरच्या रबराचे कण साचून कमी पकडीचा झालेला असतो, हेही त्यानेच लक्षात ठेवायचे.

खूण केल्यानंतर जे करायचे, त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हात आत घेतल्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा असतो. हे का, ते आकड्यांत पाहा. दोन्ही गाड्या सरळ पट्ट्यावर ताशी 200 किलोमीटरच्या आसपास आहेत आणि मागची पुढचीपेक्षा ताशी 10 किलोमीटरने वेगवान आहे, असे धरू. दहा मीटर मागून निघून, दोन्ही गाड्यांची लांबी ओलांडून, पाच मीटर पुढे जायचे म्हणजे तिला पुढच्या गाडीच्या तुलनेत सुमारे 25 मीटर कापावे लागतात. ताशी 10 किलोमीटरच्या फरकाने याला नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ती सुमारे अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते. अनेक सर्किटांचा सरळ पट्टा तेवढ्यात संपून जातो, आणि ब्रेकिंग झोन, म्हणजे वळणाआधी ब्रेक दाबण्याचा टप्पा, आला तरी दोघी शेजारी-शेजारीच असतात. पुढच्याने पाय उचलून हाच फरक ताशी 30 किलोमीटर केला, तर तीन सेकंद आणि सुमारे 170 मीटर पुरतात. 200 च्या वेगाला हवेचा विरोध इतका असतो की ब्रेकला पाय न लावताही गाडी झपाट्याने मंदावते. म्हणजे वाट देणाऱ्याला क्षणभराचा त्याग करावा लागतो, आणि त्या बदल्यात दोघेही वळणाला एकेकटे, आपापल्या लाइनवर पोहोचतात.

येथे ताकदवान गाडीच्या चालकांना मी मुद्दाम काही सांगू इच्छितो. हलक्या, लहान इंजिनाच्या स्पोर्ट्स गाडीतला मुरलेला चालक वळणावळणाला मोठ्या गाडीच्या मागच्या बंपरला येऊन भिडतो, आणि सरळ पट्टा लागताच मोठी गाडी इंजिनाच्या जोरावर निघून जाते. मोठ्या गाडीच्या चालकाला प्रामाणिकपणे वाटते की तो आपल्यापेक्षा हळू आहे, कारण पट्ट्यावर आरशात तो लहान-लहान होत जातो. पुढच्या वळणाला तो पुन्हा आरसाभर दिसतो. फेरीमागून फेरी हे असेच चालते आणि मागे गाड्यांची रांग लागते. कोण वेगवान हे पूर्ण फेरीवर ठरते. एखादी गाडी वळणांच्या एका टप्प्यात तुमच्याजवळ आली आणि त्याच्या शेवटीही जवळच राहिली, तर ती तुमच्यापेक्षा वेगवान आहे आणि पुढच्या पट्ट्यावर पाय उचलून तिला जाऊ देणे हे तुमचे काम आहे. यात कमीपणा मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की मागे कोणी चिकटलेले असताना चालवलेल्या फेऱ्यांतून काहीही शिकता येत नाही. त्याला वाट द्या, दोन वळणे त्याच्या मागे राहून तो ब्रेक कुठे दाबतो ते पाहा. त्या दिवशीचा सर्वांत उपयोगी धडा तुम्हाला फुकट मिळेल.

मागच्या चालकाचीही जबाबदारी कमी नाही. त्याने पुढच्याच्या आरशात दिसेल अशा जागी राहावे. बंपरला इतके चिकटू नये की पुढच्याला त्याचे दिवेच दिसेनात. पुढचा घसरला तर थांबायला किंवा बाजूने निघायला जागा उरली पाहिजे. वारंवार दिवे चमकवणे मला स्वतःला पसंत नाही, कारण त्याने नवखा चालक गडबडतो, आणि गडबडलेल्याच्या मागे असणे कोणाच्याच हिताचे नसते. खूण मिळत नसेल तर एक फेरी मागे रेंगाळून अंतर वाढवावे किंवा पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबण्याच्या मार्गातून, एक चक्कर मारून मोकळ्या ट्रॅकवर परत यावे. पुढे जाऊ दिल्यावर हात उंचावून आभार मानावेत.

आरशात कधी पाहायचे, हेही शिकण्यासारखे आहे. वळण संपून स्टिअरिंग सरळ झाले की एक नजर आरशात. ब्रेकिंग झोनमध्ये आणि वळणाच्या आत आरसा विसरायचा. येथे एक धोका तपशिलात सांगतो. वळणाच्या मध्यावर गाडी पकडीच्या मर्यादेजवळ असते. अशा वेळी आरशात अचानक कोणी दिसले आणि दचकून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला गेला, तर गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात, आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. सौजन्य दाखवायला गेलेला चालक गिरकी खाऊन मागच्याच्याच समोर आडवा येतो. म्हणून वळणात कोणासाठीही काहीही करायचे नाही. वळण आपल्या पद्धतीने पूर्ण करायचे आणि सरळ झाल्यावर हात बाहेर काढायचा. मागच्याला थांबता येते. थांबायचे आहे हे ठाऊक असलेल्यांनीच ट्रॅकवर यायचे असते.

सर्वत्र हीच पद्धत असते असे नाही. काही देशांत हाताऐवजी इंडिकेटरने खूण करतात. काही ठिकाणी ओव्हरटेकची एकच बाजू सबंध दिवसासाठी ठरवून दिलेली असते. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगची सुमारे 20.8 किलोमीटरची नॉर्डश्लाइफे पर्यटक चालकांसाठी खुली असते तेव्हा तेथे रस्त्याचेच कायदे लागू असतात: उजवीकडून चालवायचे आणि ओव्हरटेक डावीकडूनच करायचे. म्हणून सकाळची ब्रीफिंग, म्हणजे नियम समजावून सांगण्याची बैठक, चुकवायची नाही, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. अनुभवी माणूसच जुन्या सवयीने चुकीच्या बाजूला जाण्याचा धोका अधिक असतो.

झेंड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे अर्थ तुम्हाला ब्रीफिंगमध्ये कळतीलच. निळा झेंडा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे; तो तुम्हाला दाखवला जातो तेव्हा ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शलला जे दिसले ते आपल्या आरशात आपल्याला आधी दिसायला हवे होते, हे समजून घ्यावे. पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक नाही, पुढच्याने हात दाखवला तरी नाही. लाल झेंडा दिसला की आरशात पाहून वेग हळूहळू कमी करायचा. जागच्या जागी कचकन ब्रेक दाबला तर मागचा येऊन आदळेल.

नवख्यांच्या गटात ओव्हरटेक ठरावीक सरळ पट्ट्यांवरच करता येते, मधल्या गटात त्या जागा वाढतात, आणि प्रगत गटात काही आयोजक वळणातही, क्वचित खुणेशिवायही, परवानगी देतात. वर जाण्याची घाई अनेकांना असते. कोणाला वर घ्यायचे हे ठरवताना इन्स्ट्रक्टरने फेरीच्या वेगापेक्षा त्या माणसाचे आरशावरचे लक्ष आणि खुणांची वेळ पाहावी, असे मला वाटते. खुणेशिवायच्या गटात पुढच्याला तुम्ही दिसला आहात की नाही, हे ओळखण्याचा भार पूर्णपणे ओव्हरटेक करणाऱ्यावर येतो. पुढच्याने वळायला सुरुवात केल्यावर आतून नाक घुसवणे तेथेही चालत नाही.

आणि हे सगळे पाळूनही कोणाचा तरी राग येण्याचा प्रसंग येतोच. सेशन संपल्यावर हेल्मेट हातात घेऊन थेट दुसऱ्याच्या गाडीकडे जाऊ नका. रक्त तापलेले असते, त्याचेही आणि तुमचेही. इन्स्ट्रक्टरला किंवा आयोजकाला गाडीचा क्रमांक आणि वळण सांगा आणि त्यांनी बोलावल्यावर दोघांनी मिळून व्हिडिओ पाहा. पुष्कळदा त्यात आढळते की पुढच्याने हात दाखवलाच होता, फक्त मागच्याची नजर त्या वेळी वळणावर होती. किंवा मागचा तीन वळणे आरशात होता आणि पुढच्याने आरशाकडे एकदाही पाहिले नव्हते. मग पुढच्या सेशनला त्याच दोघांना मागे-पुढे सोडावे आणि पहिल्याच सरळ पट्ट्यावर खूण कशी होते ते इन्स्ट्रक्टरने शेजारी बसून पाहावे.