बोलावलं म्हणून न येणारं मांजर

नमस्कार श्रोतेहो. आजारी माणसाजवळ मांजर येऊन बसलं की त्याला बरं वाटतं. अमेरिकेत ‘पेट पार्टनर्स’सारख्या संस्था कुत्र्यांप्रमाणे मांजरांनाही पारखून घेतात आणि मगच मालकाबरोबर रुग्णांच्या भेटीला पाठवतात. पण आज मला सांगायचंय ते ऑस्करबद्दल.

ऱ्होड आयलंड राज्यातलं प्रॉव्हिडन्स शहर. तिथल्या ‘स्टीअर हाउस’ या शुश्रूषागृहात २००५ साली ऑस्करला आणलं, तेव्हा तो पिल्लू होता. मुक्काम तिसऱ्या मजल्यावर. तिथे स्मृतिभ्रंश बळावलेले, पोटच्या पोरांनाही न ओळखणारे रुग्ण. ऑस्कर काही लाडिक नव्हता बरं का! वॉकर घेऊन एखादी आजी जवळून गेली तरी अंगावर फिस्कारायचा. पण डॉक्टर राउंडला निघावेत तसा खोल्याखोल्यांतून फिरायचा. पलंगावर उडी मारायची, हुंगायचं, निघून जायचं. मात्र एखाद्याच्या कुशीत अंग मुडपून बसला, की तो रुग्ण बहुतेक वेळा काही तासांतच जायचा.

हे नर्सबाईंच्या ध्यानात आलं. तेव्हापासून ऑस्कर बसला की त्या आधी फोन उचलायच्या. घरच्यांना कळवायचं: निघा, लगेच या. डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे लिहिलं, तोवर पंचवीसहून जास्त रुग्णांच्या बाबतीत असं घडलं होतं. त्या लेखात एक नातू विचारतो, हे मांजर इथे काय करतंय? आई डोळे पुसत सांगते, आजीला स्वर्गात पोचवायला आलंय.

आणि आपल्याकडे? मरणाऱ्याच्या खोलीत मांजर शिरलं की आधी काठी शोधतील. शिवाय भेटीची वेळ संपली म्हणून सख्ख्या मुलीला जिन्यात ताटकळत ठेवणारी रुग्णालयं आहेतच. असो.

त्याला कळायचं कसं? मरणाच्या उंबरठ्यावर शरीरात रसायनं बदलतात, त्यांचा वास येत असावा, असा एक तर्क. पक्कं उत्तर नाही. २०२२ साली ऑस्करही गेला.

एक सांगते, त्याने मरण टाळलं नाही. घरची माणसं वेळेवर पोचली, हात हातात घेऊन बसली. जिला कुणीच नव्हतं, तिच्याजवळ निदान तो होता.

तुमच्या आजीजवळ मांजर न्यायचं असेल, तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. दमा असेल, प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर नकोच. मांजराला रेबीजची लस टोचलेली हवी, नखं कापलेली हवीत. टोपली उघडी ठेवा आणि गप्पा मारत बसा. उचलून मांडीवर ठेवू नका. ऐकताय ना? उचलून ठेवू नका! ओरबाडेल, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. पलंगाखालीच बसलं, तर बसू दे.

आणि हो, वाटीभर दूध पुढे करू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. मग आजीच्या खोलीत फडकं घेऊन तुम्हालाच जावं लागेल. पुढच्या वेळी गोचिडांबद्दल बोलू. नमस्कार.