पोटाला भोक, आत रेशमी दोरा: पचनाचं कोडं असं सुटलं

पोट अन्न दळतं की विरघळवतं? 1750च्या सुमारास युरोपातल्या जाणकारांत यावर खराखुरा वाद होता. काहींच्या मते पोट म्हणजे जातं, स्नायूंच्या जोरावर भरडणारं. काही म्हणत, अन्न आत चक्क कुजतं.

फ्रान्सच्या रेओम्यूरने घार निवडली, कारण घार न पचलेली वस्तू ओकून टाकते. धातूची छोटी नळी, दोन्ही तोंडांवर दोऱ्याची जाळी, आत मांस. धातूमुळे दाब आत पोचत नाही, पोटातला पाचक रस मात्र जाळीतून शिरतो. नळी बाहेर आली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं होतं आणि कुजल्याचा वास नव्हता. म्हणजे दळणंही नाही, कुजणंही नाही. मग त्याने नळीत स्पंज घालून रस गोळा केला. पण बाहेर त्या रसात मांस नुसतं मऊ पडलं.

इटलीच्या स्पालांझानीने स्वतःचंच पोट वापरलं. चावलेला पाव, साधारण 3.4 ग्रॅम, कापडी पिशवीत शिवून गिळला. 23 तासांनी पिशवी शौचावाटे आली: कापड शाबूत, आत काही नाही. बाहेरच्या प्रयोगासाठी त्याने रस आणि मांस भरलेल्या काचेच्या नळ्या काखेत धरल्या, कारण शरीराइतकी ऊब हवी होती. विचित्र वाटेल, पण उपाय बरोबर होता. रस आम्लधर्मी असतो हे मात्र त्याच्या हातून निसटलं.

आता अमेरिका. 6 जून 1822, ह्यूरॉन सरोवरातलं मॅकिनॉ बेट. फर कंपनीच्या दुकानात बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सी सें मार्तां या तरुण कामगाराच्या डाव्या बरगड्यांखाली जखम झाली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटने त्याला जगवलं, पण जठराचं भोक बुजलंच नाही. जठराच्याच अस्तराची एक घडी त्यावर झडपेसारखी आली. बोटाने दाबली की आत दिसायचं.

1 ऑगस्ट 1825, दुपारी 12. रेशमी दोऱ्याला सहा तुकडे बांधून आत सोडले, प्रत्येकी सुमारे 8 ग्रॅम: मसालेदार शिजवलेलं गोमांस, डुकराची कच्ची खारवलेली चरबी, कच्चं खारवलेलं गोमांस, उकडलेलं खारवलेलं गोमांस, शिळा पाव, कच्चा कोबी. 1 वाजता कोबी आणि पाव निम्मे गेलेले, मांस जसंच्या तसं. 2 वाजता कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून नाहीसं. 3 वाजता कच्चं मांस अजून घट्टच. तोवर सें मार्तांचं पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशीही बरं नव्हतं, तेव्हा बोमाँटने पाऱ्याच्या गोळ्या तोंडाऐवजी त्याच भोकातून टाकल्या!

या प्रयोगात एक गफलत आहे. दोऱ्यावरून सुटलं म्हणजे पचलं, असं धरलंय. कच्च्या कोबीचे तंतू जठररसाने पचतच नाहीत. ते सुटून पुढे सरकले, इतकंच.

7 ऑगस्टचा प्रयोग जास्त भक्कम. 17 तास उपाशी ठेवून जठरात थर्मामीटर घातला: 100 अंश फॅरनहाइट. रबरी नळीने सुमारे 30 मिली रस काढून बाटलीत भरला, त्यात 12 ग्रॅम उकडलेलं मांस टाकलं, बूच लावून बाटली 100 अंशांच्या पाण्यात ठेवली. तसाच तुकडा दोऱ्याने जठरात. 40 मिनिटांत बाटलीतल्या मांसाचा पृष्ठभाग सुटू लागला. जठरातला तुकडा दोन तासांत गायब, बाटलीतला दहा तासांत. पोटाबाहेर पचन होतं, हे सिद्ध झालं. मग इतका उशीर का? जठरात ताजा रस येत राहतो, घुसळण होते, पचलेलं पुढे जातं. बाटलीत तेवढाच रस, त्यातलं आम्ल मांसातल्या प्रथिनांनाच बांधलं जातं. बाटली गार ठेवली तर पचन जवळजवळ थांबतं, गरम पाण्यात ठेवली की सुरू होतं.

रस काढण्याची रीतही नेमकी होती. उजव्या कुशीवर निजवायचं, झडप दाबून नळी पाचसहा इंच आत सरकवायची, मग डाव्या कुशीवर वळवायचं म्हणजे भोक खाली येतं. उपाशी पोटी रस साठलेला नसतोच. नळी अस्तराला टेकली की तो पाझरतो. त्या वेळी सें मार्तांला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, भोवळ यायची. 1832च्या करारानुसार हे सगळं सोसायचं वर्षाला 150 डॉलर आणि राहणं-खाणं यावर. तो एकदा कॅनडाला निघून गेला, यात नवल नाही.

रसातलं आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे इंग्लंडच्या प्राउटने 1824 मध्येच छापलं होतं. पण नुसत्या आम्लात मांस तितकं पचत नाही. रसात आणखी काहीतरी असणार, असं बोमाँटलाही वाटत होतं. ते म्हणजे पेप्सिन, प्रथिनं फोडणारं द्रव्य. 1836 मध्ये जर्मनीच्या श्वानने ते दाखवलं.

बोमाँटच्या 1833च्या पुस्तकातला तक्ता आजही फिरतो: उकडलेला भात 1 तास, उकळलेलं दूध 2 तास, कडक उकडलेलं अंडं साडेतीन, भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच. तो एकाच माणसाचा आहे, आणि तोही पोटाला भोक असलेल्या. शिवाय हे आकडे जठर रिकामं होण्याचे आहेत. भातातल्या स्टार्चचं पचन थोडं लाळेने आणि मुख्यतः लहान आतड्यात होतं. जठररसात स्टार्च फोडणारं काही नसतंच.