धुराच्या तापमानाचा काटा खोटं कधी बोलतो?

नमस्कार श्रोतेहो. आज ट्रकच्या चालक-मालकांशी आणि गॅरेजमधल्या मिस्त्री मंडळींशी बोलायचं आहे, ते एक्झॉस्टच्या तापमानाबद्दल. भरलेली गाडी कसारा घाट चढत असते, गेजचा काटा सहाशे अंशांवर असतो. मध्येच तो दोनशेवर पडतो आणि लगेच परत वर जातो. इंजिनाचा आवाज तोच, ओढही तीच. अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी नवा प्रोब, म्हणजे धुराच्या नळीत बसणारा तापमानाचा सेन्सर, टाकला जातो. पैसे जातात, काटा मात्र नाचतच राहतो.

प्रोबला हात लावण्याआधी काटा कसा हलतो ते नीट बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. उष्णतेला वेळ लागतो. स्टीलच्या नळीतलं प्रोबचं टोक तापायला आणि निवायला काही सेकंद जातातच. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की काटा उतरतो, पण सरसर उतरत येतो, तुटून पडत नाही. झटक्यात चारशे अंश खाली आला, तर वायरिंग तपासायला घ्या.

बाहेरून बसवलेल्या गेजला प्रोब म्हणून सहसा के-टाइप थर्मोकपल असतं. निकेलच्या दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात आणि ते टोक तापलं की अगदी सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. एका अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट, म्हणजे 500 अंशांना जेमतेम 20 मिलिव्होल्ट. 24 व्होल्टच्या गाडीत एवढासा संकेत बिघडायला गंजलेला कपलर (वायर जोडायचा प्लग) किंवा सैल स्क्रू पुरतो. हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर काटा हलत असेल, तर गेजची अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली, वायर सोडवा, खालचा रंग-गंज घासून काढा आणि घट्ट बसवा.

आता वायरमन मित्रांसाठी. थर्मोकपलच्या तारेला साधी तांब्याची वायर जोडून लांबी वाढवू नका. जोड इंजिनजवळ 70 अंशांवर आणि गेज केबिनमध्ये 30 अंशांवर असेल, तर काटा साधारण 40 अंश कमी दाखवेल. बॉनेटखालची हवा तापेल-निवेल तशी ही चूकही बदलत राहते, म्हणून सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळत नाही. के-टाइपचीच एक्स्टेंशन वायर वापरा. आणि तारांचे रंग बघून घ्या. अमेरिकन पद्धतीच्या थर्मोकपलमध्ये पिवळी तार प्लस असते आणि लाल तार मायनस! सवयीने लाल तार प्लसला लावली, तर तापमान वाढेल तसा काटा उलट खाली जातो.

प्रोबचीच शंका असेल, तर गाडी पूर्ण थंड झाल्यावर तो काढा आणि टोक उकळत्या पाण्यात धरा. पुण्यात पाणी सुमारे 98 अंशांना उकळतं. बरीच गेज इतकं खालचं दाखवत नाहीत, तेव्हा तारा सोडवून मल्टिमीटर लावा. बाहेर 30 अंश असतील, तर पावणेतीन ते तीन मिलिव्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. आला, तर प्रोब बदलायची गरज नाही.

दोन गाड्यांची रीडिंग एकमेकांशी ताडून बघताना प्रोब कुठे बसवलाय ते आधी विचारा. टर्बोतून धूर बाहेर पडल्यानंतरच्या नळीत बसवलेला प्रोब, टर्बोच्या आधी मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळीवर) बसवलेल्या प्रोबपेक्षा लोडखाली शंभर-दीडशे अंश तरी कमी दाखवू शकतो. टोक धुराच्या मध्यभागी न पोचता भिंतीलगत राहिलं, तरी आकडा कमी येतो. टोकावर काजळीचा थर बसला की काटा आळशी होतो.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) ट्रकना सायलेन्सरच्या बाजूला तापमानाचे एकाहून जास्त सेन्सर कंपनीतूनच येतात. इथे सगळ्यात सोपी तपासणी पहाटेची. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारण्याआधी स्कॅनर लावा. सगळे सेन्सर बाहेरच्या हवेइतकंच आणि जवळजवळ सारखंच तापमान दाखवायला हवेत. एखादाच 80 अंश दाखवत असेल, तर त्याचा कपलर आणि वायर आधी बघा, मग सेन्सर.

आणि गाडी सपाट रस्त्यावर किंवा उभी असताना आकडा 600 च्या आसपास चढला, तर लगेच गेजला दोष देऊ नका. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळण्यासाठी गाडी मुद्दाम तेवढी उष्णता तयार करते. त्याला रीजनरेशन म्हणतात. तो आकडा खरा असतो आणि धुराची नळीही तितकीच तापलेली असते. ऊस वाहणाऱ्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावं: रीजनरेशन चालू असताना गाडी फडातल्या वाळल्या पाचटावर उभी करू नका. ते पूर्ण होईपर्यंत मोकळ्या, कडक जमिनीवर थांबा.