हेन्री हबचा भाव आणि मुंबई हायचा गॅस

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत सीएनजी पंपावर रिक्षांची रांग लागते. काटा २००वर आला की नळी निघते, पुढची रिक्षा सरकते. या शहराचा गॅस म्हटलं की मुंबई हाय आणि वसईचा समुद्र आठवतो; तिथला गॅस उरणला किनाऱ्याला लागतो. समुद्र आपला, विहिरी ओएनजीसीच्या. भाव मात्र आठ वर्षांहून जास्त काळ परदेशी बाजारांवरून ठरत होता, आणि त्यात अमेरिकेचं पारडं जड होतं.

टेक्सासमध्ये बार्नेटच्या शेल खडकात जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं पाण्याच्या प्रचंड दाबानं खडक फोडून गॅस काढायची रीत बसवली, ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मग पेनसिल्व्हेनियातही गॅसचा पूर आला. लुईझियानातल्या हेन्री हबला, म्हणजे जिथल्या भावावरून अमेरिकेतला गॅसचा भाव धरतात त्या पाइपलाइनींच्या नाक्यावर, २००८ साली दर दहा लाख बीटीयूला (उष्णता मोजायचं एकक) तेरा डॉलरवर गेलेला भाव एप्रिल २०१२मध्ये दोन डॉलरच्याही खाली उतरला.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१४पासून देशी गॅसचा भाव अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि रशिया इथल्या भावांची सरासरी काढून ठरू लागला. जिथे खप जास्त, तिथल्या भावाला वजन जास्त. ऑक्टोबर २०२०मध्ये हा भाव १.७९ डॉलरवर आला. रिक्षावाल्याला, खत कारखान्याला तो सोयीचाच. पण ओएनजीसीचा उत्पादनखर्चही त्यात निघेना. अशा भावात समुद्रात नवी विहीर खणायला पैसा कुठून यायचा? टेक्सासच्या माळावरच्या गॅसचं माप अरबी समुद्रातल्या जुन्या विहिरींना लावलं, ही माझ्या मते मोठी चूक होती.

बरं, तो स्वस्त गॅस जहाजात भरून आणला तर? अमेरिकी गॅस आणायला ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीनं केलेल्या करारातलं पहिलं जहाज मार्च २०१८मध्ये आपल्याच दाभोळला लागलं. ते लुईझियानातल्या सबाइन पासहून आलं. हे बंदर मुळात अमेरिकेत गॅस आयात करायला बांधलेलं. शेल खडकातल्या गॅसच्या पुरानं त्याचं तोंडच फिरवलं. जहाजात भरण्याआधी गॅस उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव करावा लागतो. करारात हेन्री हबचा भाव अधिक १५ टक्के, वर या द्रवीकरणाचे तीन डॉलर. म्हणजे तिकडे दोन डॉलरला मिळणारा गॅस बंदर सोडतानाच सव्वापाच डॉलरच्या पुढे गेलेला असतो. जहाजाचं भाडं आणि दाभोळला त्याचा पुन्हा वायू करण्याचा खर्च वेगळाच.

पुढे युक्रेनचं युद्ध पेटलं, परदेशी भाव भडकले आणि चार देशांच्या सरासरीच्या त्याच सूत्रानं ऑक्टोबर २०२२मध्ये देशी भाव ८.५७ डॉलरवर नेला. पंपावरच्या रांगेतल्या रिक्षावाल्याला आता त्याची झळ बसली. एप्रिल २०२३मध्ये सरकारनं सूत्र बदललं: भाव आयात कच्च्या तेलाच्या दहा टक्के, पण ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांना चार डॉलरच्या खाली नाही आणि सुरुवातीला साडेसहाच्या वर नाही. उरणला येणाऱ्या गॅसच्या भावाला तेव्हा कुठे तळ मिळाला.